वळवळ आणि तिच्या शेजारणी



समानार्थी शब्दांचा पाठ फळ्यावर फार लवकर आटोपतो. ‘वळवळ म्हणजे चुळबुळ, तळमळ, तडफड’ अशी ओळ लिहिली जाते, मुले ती उतरून घेतात. मग एखादा विद्यार्थी निबंधात लिहितो, ‘आजी आजारी होती, म्हणून आई रात्रभर वळवळत होती.’ वर्ग हसतो. मुलगा मान खाली घालतो. वस्तुतः चूक फळ्याची असते.

वळवळ ही प्रथम गांडुळाची. पावसाळ्यात ते शाळेच्या अंगणातच सापडते. मुलांना ते निवांत पाहू द्यावे. अंग आखडते, लांबते, वळते, पुन्हा वळते. ‘वळणे’ या क्रियेची द्विरुक्ती शब्दात का झाली, हे कोश न उघडता उमजते. पाण्याबाहेरच्या मासळीची मात्र तडफड. तीत प्राणांतिक वेदना आहे. तळमळ अंथरुणावरच्या माणसाची, आणि पुढे मनाचीही; म्हणून शिक्षणाविषयी तळमळ असणे हे भूषण ठरते. चुळबुळ बसलेल्याची. व्याख्यान लांबले की तिचा प्रत्यय सभागृहातही येतो! जीभ वळवळते, हात शिवशिवतात. येथे अदलाबदल भाषेला खपत नाही. हालचालीच्या याच कुळातील ‘चळवळ’ तर राष्ट्रकार्यापर्यंत पोहोचली. १९४२ च्या लढ्याला मराठी माणूस ‘बेचाळीसची चळवळ’ म्हणतो. तिलाच कोणी ‘वळवळ’ म्हटले, तर एक अक्षर बदलताच आदराचा तुच्छभाव होतो.

हा तुच्छभाव प्रगतिपत्रकावरही उतरतो. ‘वर्गात सारखा वळवळतो’ असा शेरा वाचून बाप मुलावर हात उगारतो. माणसाला हा शब्द लावला की तो किड्यांच्या पंक्तीस बसतो, याचे भान शेरा लिहिणाऱ्यास असतेच असे नाही. ‘चुळबुळ करतो’ असे लिहावे, आणि लिहिण्यापूर्वी कारण शोधावे. बसकर अपुरे असेल. लघवीस जाण्याची परवानगी मागण्यास मूल भीत असेल. पोटातील बारीक जंतांमुळे गुदद्वारापाशी कंड सुटत असेल, रात्रीची झोपही मोडत असेल. आणि हे ते वर्गात बोलणार नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा उपक्रम २०१५ साली सुरू झाला, त्यात शाळेतच अल्बेंडाझोलची गोळी देण्याची व्यवस्था आहे. त्या दिवशी हे मूल हजर होते काय, ते हजेरीपट उघडून पाहावे.