बाबांचं रेडिएशन आणि राहिलेला प्रश्न

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तेव्हा मी एकच विचारलं, "बरे होतील ना?" उत्तर आशेचं होतं. ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात कॅन्सर प्रोस्टेटबाहेर न पसरलेले १६४३ पुरुष होते. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, काहीही केलं तरी १५ वर्षांत या कॅन्सरने दगावले ते जेमतेम ३ टक्के.

पण बाबा रात्री चारदा उठायचे. लघवीला जळजळ, शौचाची घाई. ते काही आठवड्यांत ओसरलं. शौचातून रक्त मात्र दीड वर्षाने दिसलं. इतक्या उशिराही त्रास होतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं! आणि लैंगिक ताकद कमी होते, त्याचं काय? ते बाबांनी डॉक्टरांना कधी विचारलंच नाही. शेजारी मी बसलेलो असायचो ना. पुढच्या वेळी मी बाहेरच थांबलो.