वाहता स्फटिक आणि एकपदरी वाट



आपल्या शिरोलीच्या फाउंड्र्यांत रोज धातू वितळतो, साच्यात पडतो आणि थिजतो. एक तर द्रव, नाहीतर घन. मधले काही आपल्या हिशेबात नसते. पण १८८८ साली राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ असा आढळला, की १४५.५ अंशांवर तो वितळून गढूळ झाला आणि निवळला मात्र १७८.५ अंशांवर! या मधल्या अवस्थेला आम्ही द्रवस्फटिक म्हणतो. तो वाहतो, पण रेणूंची रांग सोडीत नाही.

हे रेणू काडीसारखे लांबट असतात, अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. १९७७ साली बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर, सदाशिव व सुरेश यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखविले. (ताऱ्यांचे चंद्रशेखर निराळे, ते रामन यांचे पुतणे, हे भाचे.) भाकऱ्यांची चवड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या चकत्यांचे खांब दिसतील.

१९८२ साली फ्रान्समध्ये जॅक सिमॉन व त्यांचे सहकारी यांनी छपाईच्या निळ्या शाईतले थॅलोसायनीन घेतले. त्याच्या सपाट चकतीच्या मध्यभागी तांब्याचा अणू बसतो. कडेला त्यांनी आठ लांब शेपट्या जोडल्या. ऊब मिळताच शेपट्या तेलासारख्या सैल होतात, गाभे मात्र चवडीतच राहतात. शेपट्या विसंवाहक, तेव्हा वीज गेली तर खांबाच्या लांबीनेच जाणार. जणू वेष्टणासकट तयार झालेली तार!

पण ‘गेली तर’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. मूळ पदार्थात मोकळे विद्युत्‌भार जवळजवळ नसतात. आयोडीनसारखा पदार्थ थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतो, तेव्हा कोठे वाट मोकळी होते. शिवाय तांब्याचा अणू आत असला तरी भार मुख्यत्वे एका चकतीच्या कड्यावरून दुसरीच्या कड्यावर उडी घेतो.

दुसरी अडचण कास्टिंग करणाऱ्यांना सहज पटेल. लोखंडात एखादे ब्लोहोल राहिले तरी वीज त्याला वळसा घालते. एकपदरी वाटेत वळसा कोठला? एक चकती सरकली की खांब तुंबला. घन स्फटिकात असा दोष कायमचा राहतो. द्रवस्फटिकात रेणू हलते असल्यामुळे चवड पुन्हा नीट बसू शकते. आमच्या मते या पदार्थांचे खरे मोल येथे आहे. तांब्याच्या तारेशी त्यांची शर्यत लावू नये.

आणि खांब उभे हवेत की आडवे? सौरघटाला उभे लागतात, ट्रान्झिस्टरला आडवे. काचेवरच्या पातळ थरात त्यांना हवे तसे वळविण्यातच संशोधकांचे पुष्कळसे कष्ट जातात.