आधी घागरी मोजा, मग वाफे आखा

(परसातील लहान वाफ्यांत भाजीपाला कसा घ्यावा, या विषयावर जळकोट येथे शेतकरी बंधू-भगिनींसमोर दिलेले भाषण)



आज मी तुमच्याशी तूर, सोयाबीन किंवा कापसाबद्दल बोलणार नाही. घरामागे मोरीचे पाणी जाते, कोंबड्या उकरतात आणि पऱ्हाट्या रचलेल्या असतात, त्या चार हात जागेबद्दल बोलणार आहे.

सुरुवातीलाच माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका गावी एका ताईंना पूर्ण एक गुंठ्याची परसबाग आखून दिली. पुस्तकातल्याप्रमाणे वाफे पाडले, बियाणे दिले. जानेवारीत बाग अशी फुलली की शेजारच्या गावचे लोक पाहायला आले. एप्रिलच्या शेवटी मी पुन्हा गेलो, तेव्हा त्या जागेवर कडब्याची गंजी उभी होती. ताई म्हणाल्या, "साहेब, भाजी चांगली होती, पण पाणी कोण आणणार?" त्यांचे काहीच चुकले नव्हते. मी जागा मोजली होती, पाणी मोजले नव्हते.

पाण्याचा साधा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी दिले म्हणजे एक लिटर पाणी होते. आपल्याकडे मे महिन्यात पालेभाजीला दररोज सुमारे ६ मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे रोज ६०० लिटर! १५ लिटरची घागर धरली तर ४० घागरी झाल्या. लातूरला पाणी आणण्यासाठी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वे सोडावी लागली, हे आपण कोणी विसरलेलो नाही. अशा मुलखात ४० घागरींची बाग टिकणार कशी?

आता १० फूट लांब व ४ फूट रुंद असा एकच वाफा घ्या. त्याचे क्षेत्र पावणेचार चौरस मीटरच्या आत येते. त्याला मे महिन्यात दीड घागर आणि हिवाळ्यात एक घागरीपेक्षा थोडे कमी पाणी पुरते. हे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे. म्हणून माझे आजचे सांगणे एवढेच, की आधी घागरी मोजा आणि मग वाफे आखा. पावसाळ्यात व हिवाळ्यात चार वाफे ठेवा, मार्चपासून दोन करा आणि मे महिन्यात एकच चालू ठेवा. तीन वाफे मोकळे राहिले म्हणून बाग बुडाली असे समजू नका. त्यांत शेणखत टाकून उन्हात तापू द्या.

वाफा कसा करावा

चार फूट रुंदीचे कारण सोपे आहे. दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोहोचतो, वाफ्यात पाय देण्याची वेळ येत नाही व माती भुसभुशीत राहते. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडावी.

पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचते व मुळे कुजतात. म्हणून त्या दिवसांत जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करावा. उन्हाळ्यात मात्र उंच वाफा लवकर वाळतो. तेव्हा वाफ्याचा तळ जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खाली घ्यावा व चारी बाजूंनी लहान बांध घालावा, म्हणजे दिलेले पाणी आतच मुरते. बालाघाटच्या उतारावर ज्यांची घरे मुरमाड जमिनीवर आहेत, त्यांनी एक फूट मुरूम काढून त्या जागी गाळाची माती व शेणखत भरावे. हे काम एकदाच करावे लागते.

प्रत्येक वाफ्यात १० ते १५ किलो चांगले कुजलेले शेणखत व पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. कच्चे शेण घालू नये, त्याने हुमणी व वाळवी वाढते. उगवण झाल्यावर ओळींमध्ये सोयाबीनच्या गुळीचा दोन इंचांचा थर द्यावा. उन्हाळ्यात तुराट्यांचा हलका मांडव केला तर पाणी आणखी वाचते आणि कोथिंबीरही तग धरते.

काय पेरावे, केव्हा पेरावे

चारही वाफे एकाच दिवशी पेरू नका. तसे केले तर एका आठवड्यात भाजी खाऊन संपत नाही आणि पुढचा महिना वाफा रिकामा दिसतो. दर दहा दिवसांनी एक वाफा पेरावा.

मेथीचे १० ते १२ ग्रॅम बी एका वाफ्याला पुरते, भाजी महिन्याभरात उपटायला येते. पालकाला १० ते १५ ग्रॅम बी लागते. पहिली कापणी ३० ते ३५ दिवसांनी करावी व जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापावे, म्हणजे पुढे पंधरा दिवसांनी पुन्हा कापता येते. धने फळीखाली हलके रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत व मगच पेरावेत. राजगिरा व तांदुळजा यांचे बी फार बारीक असते, ते वाळूत मिसळून फेकावे.

कडक उन्हाळ्यात मेथीच्या मागे लागू नका. त्या दिवसांत घोळ, तांदुळजा, अंबाडी व चवळी यांच्यावर भर द्यावा. ही आपल्या मातीतली, उन्हाला न भिणारी पिके आहेत. वाफ्याच्या कडेला भेंडीची एक ओळ लावावी. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये दिलेले 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण तुमच्या परिचयाचे आहेच. कोपऱ्यात शेवग्याचे एक झाड असू द्या. वाफे वाळले तरी शेवग्याचा पाला मिळत राहतो.

प्रत्येक भाजीची दोन-चार जोमदार, निरोगी झाडे बियांसाठी राखावीत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बियाणे जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मडक्यात राखेत ठेवलेले मूठभर बी म्हणजे पुढच्या हंगामाची हमी असते.

सांडपाणी आणि फवारणी

भाजी, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी सरळ वाफ्याला द्यावे. अंघोळीचे व कपड्यांचे पाणी पालेभाजीला देऊ नये. धुण्याच्या पावडरीतील सोड्याने काळी जमीन चिकट व घट्ट होते. ते पाणी केळी, पपई, शेवगा यांच्या आळ्यात सोडावे. आळ्यात वाळू-गोटे घालावेत, म्हणजे डासही होत नाहीत.

एक धोक्याची सूचना. सोयाबीन-कापसावर किंवा तणनाशकासाठी वापरलेला पंप परसबागेत आणू नका. पंप कितीही धुतला तरी औषधाचा अंश राहतो. जी भाजी आज-उद्या कापून लेकरांच्या ताटात जायची आहे, तिच्यावर रासायनिक औषध नकोच. मावा दिसताच १०० ग्रॅम निंबोळी पूड दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारावी. चार दिवसांनी भाजी धुऊन वापरावी.

हे सगळे कशासाठी?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो झाल्या. आमचे चार वाफे तेवढे देतील असे मी सांगणार नाही. नीट निगा ठेवली तर चार वाफ्यांतून आठवड्याला दोन ते अडीच किलो पालेभाजी मिळते, म्हणजे आठवड्यातून तीन वेळा घरभराला ताजी भाजी. बाकीची आठवडी बाजारातून येईल. पण ही तीन वेळची भाजी लहानसहान गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५४ स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील शंभरपैकी सुमारे ६९ बालकांमध्ये रक्त कमी आढळले. आपण चारचौघींत बसलो असलो, तर त्यांतल्या दोघींचा हा प्रश्न आहे. पालेभाजीवर लिंबू पिळून खावे, शिजवलेले पाणी फेकू नये आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. रक्त फारच कमी असेल तर भाजीवर विसंबू नये, डॉक्टरांच्या गोळ्याही घ्याव्यात.

आता बंधूंशी दोन शब्द. १९९३ च्या भूकंपानंतर 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था लातूर-उस्मानाबाद भागात महिलांबरोबर काम करू लागली. पुढे दुष्काळाच्या काळात तिने असा आग्रह धरला, की घरच्या जमिनीतील एखादा एकर तरी बाईच्या निर्णयाने पिकावा व त्यात धान्य, कडधान्य, भाजी असे खाण्याचे पीक यावे. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या भागात नगदी पिकाशिवाय बोलणे नव्हते, तिथे हे घडले. मी तुमच्याकडे एकर मागत नाही, १० फूट बाय ४ फुटांचे वाफे मागतो. पण त्यात काय पेरायचे हे घरातल्या बाईला ठरवू द्या. आणि वाफा तिचा असला तरी मे महिन्यातली दीड घागर तुम्ही आणा. माझ्या त्या ताईंच्या परसात गंजी उभी राहिली, ती घागरी वाहणारे डोके एकच होते म्हणून.

टँकरची पाळी आली, प्यायलाच पाणी पुरेना, तर शेवटचा वाफाही खुशाल बंद करा. फक्त शेवगा जगवा आणि बियाण्याचे मडके सांभाळा. मृगाचा पाऊस पडला की चार दिवसांत बाग पुन्हा उभी राहते.

आज घरी गेल्यावर परसात जाऊन दोरीने एक वाफा आखा. दुसरा आखण्याची घाई करू नका. पहिल्याची भाजी ताटात आल्यावर तो आपोआप आखला जाईल.