कुंडीतला वाटाणा



आज तुम्ही पदवी घेत होता, टाळ्या वाजत होत्या, तेव्हा माझं लक्ष तुमच्यातल्या काही जणांकडे होतं. खरं तर त्यांना इथे बसायचंच नव्हतं. कुणाचा वैद्यकीय प्रवेश थोड्या गुणांनी हुकला. कुणी पुण्यात कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेच्या परीक्षा दिल्या, यादीत नाव आलं नाही. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्यांच्याशी.

मला हवाई दलात जायचं होतं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि वैद्यकीय तपासणीत रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून मी बाद झालो. घरी सगळे म्हणाले, "जे होतं ते भल्यासाठीच." तेव्हा त्या वाक्याचा मला राग आला होता आणि आजही ते मला पटत नाही. गेलेलं स्वप्न गेलेलं असतं. त्याचं दुःख करायला वेळ लागतो, तो घ्या. मला जवळजवळ वर्ष लागलं. पुढे भूशास्त्र शिकून भूजल सर्वेक्षणाच्या कामाला लागलो. पहिल्याच दिवशी साहेबांनी टोपोशीट, म्हणजे भूरचनेचा नकाशा, पुढे सरकवली आणि तिच्यावरच्या समोच्च रेषा मी भराभर वाचत गेलो. नकाशावाचन मी एनसीसीत शिकलो होतो, तेही हवाई दलाच्या ओढीने.

असं मागे उरलेलं शिक्षण माणसाला कुठवर नेतं, हे पाहायचं तर धुंडिराज गोविंद फाळक्यांकडे पाहा. त्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो, पण चाळिशीपर्यंत त्या माणसाच्या हाती बहुतेक मोडलेले डावच होते. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईला जे. जे. कलाविद्यालयात आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय मांडला. प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं, तो व्यवसायही संपला. पुरातत्त्व खात्यात आरेखनाची नोकरी केली आणि सोडली. ब्लॉक बनवण्याची कला शिकून छापखाना उभा केला, यंत्रांसाठी जर्मनीला जाऊन आले. तो नावारूपाला आला असतानाच भागीदारांशी बिनसलं आणि फाळक्यांनी हातचा छापखाना सोडला. मधल्या काळात 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. फाळके उलटं वाचा, केळफा होतं!

१९११ च्या सुमाराला मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. त्या वेळी त्यांच्याकडे भांडवल नव्हतं आणि नोकरी नव्हती. पण छायाचित्रण येत होतं, रसायनं ठाऊक होती, आरेखन येत होतं आणि जादूगाराची नजरबंदी अवगत होती. आपापल्या जागी अर्धवट राहिलेल्या या सगळ्या विद्या एका नव्या धंद्यात एकदम लागणार होत्या. ते ध्यास घेतल्यासारखे चित्रपट बघत सुटले. डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासंही झालं. उपचारांनी नजर परत आली, तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तंत्र पाहून घेतलं आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून आले.

आता जे सांगतो, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. परत आल्यावर त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र' या मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखून ठेवला आणि त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी टिपत राहिले. पडद्यावर तो अंकुर काही क्षणांत फुटून वर येताना दिसला. 'अंकुराची वाढ' हा एवढाच तो चित्रपट. तो पाहून पैसे देणाऱ्यांना भरवसा वाटला. कुणाच्या भरवशाची गरज असेल, तर एवढं लहान काहीतरी करून दाखवा. त्याला कुंडी पुरते.

पुढेही अडचणी सरल्या नाहीत. हरिश्चंद्राची राणी तारामती, तिच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र मी सांगणार नाही. बोलपट आले, काळ बदलला आणि फाळक्यांचे शेवटचे दिवस नाशकात ओढगस्तीत गेले. तरुणांना अर्धीच गोष्ट सांगणं बरं नाही.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी एक नाव. सरस्वतीबाई फाळके. नवरा चाळिशीत, घरात मिळकत नाही आणि तो म्हणतो, मी हलती चित्रं करणार. तो कुठल्या परीक्षेत नापास झाला होता, याचा हिशेब बाईंनी मांडला नाही. त्यांनी दागिने काढून दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत, कॅमेऱ्यात ती पुढे सरकायची तर भोकं हवीत. उजेड लागला तर फिल्म वाया जाणार. दिवसभराचं घरकाम आटोपलं की बाई अंधारात बसत आणि हातांच्या अंदाजाने, एकेक करून, ती भोकं पाडत.