शिकागोतील तो आठवडा : वीरचंद राघवजी गांधी
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते. धवल शेठने समुद्रात ढकललेला श्रीपाल नवपदाचे स्मरण करीत मगरीच्या पाठीवरून याच ठाण्याच्या किनाऱ्याला लागला, ही कथा आयंबिल ओळीत प्रत्येक घरी वाचली जाते. कल्याण तर दोन हजार वर्षांपूर्वीचे नामांकित बंदर. अशा भूमीतल्या समाजाला समुद्रप्रवासाचे वावडे असावे, हे जरा नवलच. पण एकोणिसाव्या शतकात ते होते.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य श्री विजयानंदसूरीश्वरजी, अर्थात पूज्य आत्मारामजी महाराजांना आले. साध्वाचारामुळे जहाजाने जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी ‘शिकागो प्रश्नोत्तर’ हा ग्रंथ रचला आणि प्रतिनिधी म्हणून मुंबईतील जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस वीरचंद गांधी यांना पाठविले. मूळचे महुव्याचे, एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर, वय अवघे एकोणतीस. परदेशातही त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि डोक्यावरची जरीकाठी काठियावाडी पगडीही उतरविली नाही. पगडी बांधणे हे रोजचे निगुतीचे काम आहे; घाईत ती बसत नाही, हे जाणकारांस सांगावयास नको.

परिषद ११ ते २७ सप्टेंबर अशी सतरा दिवस चालली. खरी कसोटी शेवटच्या आठवड्यात लागली. लंडनचे धर्मोपदेशक डॉ. पेंटेकॉस्ट यांनी हिंदू देवळांतील स्त्रियांविषयी जाहीर आक्षेप घेतले. वीरचंदभाईंचे मुख्य भाषण २५ तारखेला होते आणि विषय होता जैनांचे आचारशास्त्र व इतिहास. ते सरळ आपला निबंध वाचू शकत होते. जैन धर्मावर कोणी शब्दही उच्चारला नव्हता, हे त्यांनीच प्रथम बोलून दाखविले. तरीही ते थांबले आणि शेजारधर्माच्या बाजूने उभे राहिले. दोष समाजात आहेत, ते धर्मामुळे नसून धर्म असतानाही आहेत आणि तसे ते प्रत्येक देशात आहेत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. स्वधर्माची बाजू मांडण्यास गेलेला तरुण त्या दिवशी साऱ्या हिंदुस्थानचा वकील झाला.

त्याच परिषदेत त्यांनी अकबराची कथा सांगितली. पोर्तुगीजांनी कुराणाची विटंबना केली, तेव्हा बायबलची तशीच विटंबना करावी असा आग्रह बादशहाच्या मातेने धरला. त्यांचे कृत्य अज्ञानाचे होते, आपणास दोन्ही ग्रंथांची थोरवी ठाऊक आहे, असे सांगून बादशहाने नकार दिला. समारोपाला त्यांनी आंधळे आणि हत्ती यांच्या दृष्टांताचे स्मरण दिले. अनेकांतवाद हा शब्दही न उच्चारता तो परक्या श्रोत्यांना पोहोचला असेल, तर या दृष्टांतानेच.

पुढे अमेरिका-इंग्लंडमध्ये त्यांची व्याख्याने झाली. शिकागोच्या श्रीमती हॉवर्ड शाकाहारी झाल्या, सामायिकही करू लागल्या.

१८९५ मध्ये ते परतले, तेव्हा स्वागताबरोबर दुसरेही काही वाट पाहत होते. समुद्र ओलांडला म्हणून त्यांना संघाबाहेर ठेवावे, अशी मागणी आपल्याच समाजातील एका गटाने केली. ज्याने परक्यांसमोर पगडी उतरविली नाही, त्याला आपल्यांसमोर खुलासा द्यावा लागला. आत्मारामजी महाराज पाठीशी उभे राहिले, म्हणून निभावले. सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेत समाजाचे गौरव लिहितात. हेही लिहिलेले बरे. आज डोंबिवली-कल्याणच्या घराघरांतून मुले अमेरिकेस जातात, आजी डब्यात खाखरे भरून देते आणि प्रायश्चित्ताची गोष्ट कोणी काढत नाही.

तरीही वीरचंदभाई पुन्हा गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अमेरिकेत मदत समिती उभारून हिंदुस्थानास धान्याचे जहाज पाठविले. शिकागोजवळच्या बार्टलेट येथील जिनालयात त्यांचा पुतळा आहे, तर २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सदतीस वर्षे पूर्ण होण्यास अठरा दिवस उरले होते.

जय जिनेंद्र.