टॉर्च नीट धर!

बसमध्ये ऐकताय की भांडी घासता घासता? काहीही चालेल. आजचा भाग थोडा घरचा आहे.

आपलं संभाजीनगर म्हणजे गाड्यांचं गाव. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, शेंद्र्याला स्कोडा २००१ मध्ये आली. माझे पप्पा वाळूजच्याच एका छोट्या कंपनीत फिटर. आठवडाभर तिथे पाने फिरवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सिडकोतल्या घरासमोर आमच्या मारुती ८०० चं बॉनेट उघडून उभे! शिकवायचे मात्र दादाला. माझ्याकडे टॉर्च. "उजेड माझ्या डोक्यावर नको, नटवर पाड," हे किती वेळा ऐकलंय, विचारू नका.

पण गंमत बघा, टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. प्लग काढला की पप्पा आधी त्याचा रंग बघायचे. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. नट आधी हाताने दोन आटे बसवायचा, मगच पाना लावायचा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे. दादा तोवर क्रिकेटला पळालेला असायचा.

मग एका मे महिन्यात आम्ही चाळीसगावहून परत येत होतो. कन्नडचा घाट, पुढे ट्रकांची रांग, मागच्या सीटवर आई, तिला उन्हाने गरगरत होतं. मी चालवत होते. टेंपरेचरचा काटा चढायला लागला. एसी बंद केला आणि भर उन्हात हीटर लावला, कारण हीटर इंजिनचीच उष्णता बाहेर ओढतो. आई मला वेडीच समजली! तरी काटा लाल रेषेपाशी गेला, तेव्हा गाडी कडेला घेतली.

पप्पा उतरले, बॉनेट उघडलं आणि रुमाल घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी ओरडले, "पप्पा, हात काढा!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. हे त्यांनीच सांगितलं होतं. दादाला. आईच्या काळजीने त्या क्षणी विसरले.

ते काहीच बोलले नाहीत. आईला सावलीत बसवलं, पाणी पाजलं. इंजिन निवेपर्यंत अंधारून आलं. बघितलं तर रेडिएटरच्या पंख्याचा कनेक्टर सैल झाला होता, पंखा फिरतच नव्हता. मी तो साफ करून घट्ट बसवला. टॉर्च पप्पांच्या हातात होती. उजेड? माझ्या डोक्यावर!

आता माझी गाडी बीएस-६ आहे. कार्बोरेटर नाही, सगळं सेन्सरवर. मी ब्लूटूथचा स्कॅनर लावून मोबाइलवर फॉल्ट कोड वाचते. पप्पांना ते पटत नाही. "कोड कळला, पण आवाज ऐकलास का?" म्हणतात. आणि खरं सांगू, एकदा कोड सेन्सरचा दाखवत होता आणि निघाला फाटलेला पाइप. त्यांनी फुसफुस ऐकून सांगितलं.

मागच्या रविवारी त्यांनी पान्यांची पेटी माझ्याकडे आणून ठेवली. एवढंच म्हणाले, "दहा-अकराचा पाना नाहीये. दादाने हरवलाय."

चला, तो आणायला मोंढ्यात जायचंय. भेटू पुढच्या भागात!