थर लावता येतात, पण उतरता येतात का?

इकडे मालवणात पाऊस जोरात आहे, त्यामुळे मागे पत्र्यावरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. 'दादा, नेटफ्लिक्सवर "चीअर" बघितलं. चीअरलीडिंग हा खेळ आहे की नाच?'

आपल्याला चीअरलीडर म्हटलं की आयपीएल आठवतं. पण अमेरिकेतल्या हायस्कूल-कॉलेजांत त्याच्या स्पर्धा होतात. दोन-अडीच मिनिटांत मनोरे रचायचे, मुलीला हवेत उडवायचं, झेलायचं आणि परीक्षक गुण देतात. माणसांवर माणसं चढतात. काही ओळखीचं वाटलं?

बरोबर. आपला गोविंदा!

गणपतीला चाकरमानी गावाला येतात. मी लहानपणी उलटा, गोपाळकाल्याला मामाकडे लालबागला जायचो. २००९ साली मी बारा वर्षांचा होतो, अंगाने काडी. त्यामुळे सरावात मला पाचव्या थरावर चढवलं. चढलो, सलामी दिली, टाळ्या पडल्या. उतरताना खालच्याचा खांदा हलला आणि मी आलो खाली. कोपर मोडलं. खाली गादी नव्हती, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, विम्याचं तर कुणी नावच काढलं नव्हतं. मंडळाने टी-शर्ट मात्र दिला.

प्लास्टर घेऊन घरी आलो तर आजी म्हणाली, 'खेळ कसलो रे ह्यो? हात मोडून घेतलस!' मामा म्हणाला, 'आई, महिनाभर रात्री सराव करतात पोरं. खेळ नाही तर काय?'

हे भांडण पुढे कोर्टात गेलं. म्हणजे आमच्या घरातलं नाही, महाराष्ट्रातलं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अठरा वर्षांखालची मुलं नकोत आणि वीस फुटांच्या वर थर नकोत. २०१५ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं. २०१७ मध्ये वयाची अट चौदावर आली आणि उंचीची मर्यादा गेली. २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत खेळाचा दर्जा आणि सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के कोट्याचा लाभ जाहीर केला.

तेव्हा स्पर्धा परीक्षा देणारी मुलं चिडली, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. कबड्डीवाल्याकडे राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र असतं. गोविंदाचा खेळाडू कोण ठरवणार? खालच्या थरात घट्ट उभा राहणारा की वर हंडी फोडणारा? नोंद कुठे आहे?

अमेरिकेत नेमका हाच प्रश्न आला होता. क्विनिपिॲक विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद केला आणि 'त्याऐवजी चीअरलीडिंगचा संघ आहे ना' असं सांगितलं. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक कोर्टात गेल्या. २०१० मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की चीअरलीडिंगला अजून खेळ म्हणता येणार नाही. मुली घाम गाळत नाहीत म्हणून नव्हे, तर सगळीकडे सारखे नियम आणि नीट आखलेला हंगाम नाही म्हणून. पुढे होऊ शकेल, असंही ते म्हणाले. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरलीडिंगच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

म्हणजे नुसत्या मेहनतीने खेळ होत नाही. मेहनत तर भाताच्या लावणीतही आहे! खेळ होतो नियमांनी. पण कसले नियम?

इथे मला स्पेनमधला कॅटलोनिया आठवतो. तिथेही माणसांचे मनोरे रचतात, त्यांना 'कास्तेल' म्हणतात. २०१० मध्ये युनेस्कोने ही परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली. त्यांच्याकडे मनोरा नुसता उभा राहिला तर यश अर्धवट. न कोसळता खाली उतरला, तरच तो पूर्ण धरतात. २००६ मध्ये एक लहान मुलगी पडून गेली. त्यानंतर वर चढणाऱ्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट आलं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे कोड लाइव्ह करणाऱ्याचं कौतुक होतं, पण काही फाटलं तर मागे कसं यायचं हे ज्याने आधी ठरवलंय, तो खरा इंजिनिअर. गोविंदाचंही तसंच आहे. चांगली पथकं उतरण्याचाही सराव करतात. पण बक्षीस कशाला? किती थर लागले त्याला. २०१२ मध्ये जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. २०२५ मध्ये, ठाण्यातच, जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने दहा लावले. ऊर भरून येतो, खरंच. पण बातमीत आकडा थरांचाच.

तर माझं उत्तर असं. चीअरलीडिंग काय किंवा गोविंदा काय, जिथे उतरणं मोजलं जातं, तिथे खेळ. जिथे फक्त चढणं मोजलं जातं, तिथे तमाशा, आणि त्याची किंमत सगळ्यात वरचं, सगळ्यात हलकं पोर मोजतं. 'खेळ' हे नुसतं बिरुद नाही. ते घेतलं की प्रशिक्षक, गादी, हेल्मेट, विमा, वयाचा दाखला हे सगळं अंगावर घ्यावं लागतं.

आमच्या वाडीत यंदा तीनच थर आहेत. मी एकच अट घातली आहे. हंडी फुटली तरी सगळे सुखरूप उतरेपर्यंत ढोल वाजणार नाही. पोरं कुरकुरतायत, पण तयार झालीत.

तुमच्या मंडळात काय करतात? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि कोणी वर चढणार असाल, तर आधी विचारा, 'उतरायचं कसं?' येवा, भेटूया!